नवीन लॅपटॉपवर लिनक्स चालेल का, हे आधीच कसं तपासायचं?

टकटक
नमस्कार मंडळी,
गेल्या आठवड्यात नवा लॅपटॉप घेतला. सोबत विंडोज ११ आलंय. जुन्या मशिनवर आठ वर्षं उबुंटू लिनक्स वापरलं, हात त्याच्यावरच बसलाय, त्यामुळे इथेही तेच टाकायचंय. लॅपटॉप परत करायची मुदत अजून नऊ दिवस आहे. जे काय ते तेवढ्यात कळायला हवं.

मॉडेलचं नाव टाकून नेटवर शोधलं. एक जण लिहितो, सगळं पहिल्या फटक्यात चाललं. दुसरा लिहितो, वायफायच सापडत नाही. मॉडेल दोघांचं तेच, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. आता यात खरं कोण?

विंडोज न उडवता तपासता येईल का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, धागा भलतीकडे जाईल.

बिनधास्त
एवढा विचार कशाला? आजकाल लिनक्स कशावरही चालतं. पेनड्राइव्ह लावा, इन्स्टॉल मारा, मोकळे व्हा.

लेखणीबहाद्दर
आधी व्हर्च्युअल बॉक्समध्ये (विंडोजच्या आत नकली संगणक उभा करणारं सॉफ्टवेअर) टाकून बघा ना. तिथे चाललं तर लॅपटॉपवर चालणारच. विंडोजलाही धक्का नाही.

रातकिडा
लेखणीबहाद्दर, नाही हो. व्हर्च्युअल मशिनमधल्या लिनक्सला तुमचा लॅपटॉप दिसतच नाही. त्याच्यापुढे सॉफ्टवेअरने उभं केलेलं नकली नेटवर्क कार्ड असतं, नकली स्क्रीन असते. खरं वायफाय विंडोजच हाकत असतं. डब्ल्यूएसएलची (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) तीच गत. तिथे दहा वर्षं सुखाने चाललं तरी लॅपटॉपबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही.

टकटक, तुम्हाला सापडलेले दोघंही खरं बोलत असतील. मॉडेलचं नाव म्हणजे दारावरची पाटी. आत कोण राहतंय ते पाटीवरून कळत नाही. एकाच मॉडेलमध्ये एका खेपेला इंटेलचं वायफाय कार्ड असतं, पुढच्या खेपेला मीडियाटेकचं किंवा रियलटेकचं. दुसरं म्हणजे त्या दोघांनी कुठला कर्नल (लिनक्सचा गाभा) वापरला ते लिहिलंय का? बहुतेक नसेलच. लिनक्समध्ये जवळजवळ सगळे ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग हाकणारं सॉफ्टवेअर, कर्नलच्या पोटातच येतात. त्यामुळे "या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का" हा प्रश्नच अर्धवट आहे. "हा भाग कुठल्या कर्नलपासून चालतो आणि मी टाकतोय त्यात तो कर्नल आहे का" असं विचारलं तर उत्तर मिळतं.

आता तुमच्या हातात विंडोज आहे ना, त्याचाच उपयोग करून घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टरमध्ये वायफाय कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे व्हीईएन आणि डीईव्ही या अक्षरांपुढे चार-चार आकडे-अक्षरं दिसतील. पहिली चार म्हणजे बनवणारी कंपनी: ८०८६ इंटेल, १४सी३ मीडियाटेक, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम. पुढची चार म्हणजे नेमकी चिप. उदाहरणार्थ ८०८६ आणि २७२५ ही जोडी इंटेलच्या एएक्स२१० ची. आठ अक्षरांची ही जोडी हातात आली की मॉडेलचं नाव विसरून जा, शोध तिचा घ्या.

एक नमुना देतो. एएक्स२१० चा ड्रायव्हर ५.१० कर्नलमध्ये आला, म्हणजे २०२० च्या शेवटी, तेव्हा आज कुठलंही चालू डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच: उबुंटू, डेबियन, फेडोरा वगैरे) घेतलं तरी चिंता नाही. मीडियाटेकचं ७९२१ आलं ५.१२ मध्ये. त्याचाच धाकटा भाऊ ७९२५, त्याच्यासाठी ६.७ लागतो. डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१ आहे. म्हणजे ७९२५ असलेल्या लॅपटॉपवर डेबियन १२ टाकणारा "वायफाय नाही" म्हणून रडणार, आणि त्याच दिवशी त्याच लॅपटॉपवर ताजी फेडोरा टाकणारा "पहिल्या फटक्यात" लिहिणार. झालं तुमचं कोडं.

टकटक
अच्छा! म्हणजे भांडण माणसांचं नव्हतंच. रात्री घरी जाऊन आयडी काढतो. आणखी काय काय बघून ठेवू?

रातकिडा
विंडोजमध्ये बसूनच बघता येतील अशा तीन गोष्टी.

कॅमेरा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा आयडी यूएसबी या अक्षरांनी सुरू होत असेल तर निर्धास्त राहा, ते कॅमेरे एका ठरलेल्या प्रमाणावर चालतात आणि लिनक्सला ते प्रमाण कित्येक वर्षांपासून येतं. पण पातळ, महागड्या लॅपटॉपमध्ये हल्ली एमआयपीआय जोडणीचे कॅमेरे येतात. त्यात कॅमेरा प्रकाशाची फक्त कच्ची माहिती पाठवतो, त्याचं चित्र बनवायचं काम प्रोसेसरमधला वेगळा भाग आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. इंटेलच्या आयपीयू६ (तोच वेगळा भाग) याच्या ड्रायव्हरचा एक तुकडा ६.१० कर्नलमध्ये आला, पण तेवढ्याने चित्र दिसत नाही. वरचं सॉफ्टवेअरही जुळावं लागतं, शिवाय तुमच्या लॅपटॉपमधल्या नेमक्या सेन्सरचा ड्रायव्हरही लागतो. माझ्या मते नव्या लॅपटॉपमधली सगळ्यात दगाबाज वस्तू हीच. वायफाय नाही हे पाच मिनिटांत कळतं, कॅमेरा नाही हे पहिल्या मीटिंगला.

झोप. कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए. त्यात एस३ उपलब्ध आहे की फक्त एस० लो पॉवर आयडल, ते लिहून घ्या. जुन्या एस३ झोपेत मेमरी सोडून बाकी सगळं बंद व्हायचं. नव्या पद्धतीत लॅपटॉप फोनसारखा डुलक्या घेत असतो, आणि एखाद्या भागाचा ड्रायव्हर नीट झोपला नाही तर बॅगेतच बॅटरी संपते.

डिस्क. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उठणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) स्टोरेजचा मोड एएचसीआय आहे की रेड किंवा व्हीएमडी, ते नुसतं बघा. बदलू नका! मोड रेड असेल तर इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही आणि माणूस घाबरतो. पण सरळ जाऊन मोड बदलला तर विंडोज उठत नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावायचं, मग बायोसमध्ये बदल, मग एकदा सेफ मोडमध्ये उठवून पुन्हा नेहमीसारखं.

मोहर
रातकिडा यांनी एक राहून गेलेलं सांगते, कारण माझं पोळलंय. कुठल्याही बायोस सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) चालू आहे का ते बघा आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मी सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम उठू न देणारं बायोसमधलं सेटिंग) बंद केलं आणि विंडोजने निळ्या पडद्यावर की मागितली. की खात्यात साठवलेली होती, आणि खात्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये. चूक सर्वस्वी माझीच, पण एक अख्खा रविवार गेला.

बरं, सिक्युअर बूट बंद करायची गरजही नव्हती. उबुंटू, फेडोरा आणि डेबियन तिन्ही ते चालू असतानाच बूट होतात.

रातकिडा
मोहरताई, शंभर टक्के. फक्त काही नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टचं थर्ड पार्टी सर्टिफिकेट बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. तेव्हा पेनड्राइव्ह सहीवरून अडतो. सिक्युअर बूट तसंच राहू द्या, तेवढं एक सर्टिफिकेट चालू करा. आणि हो, की उतरवल्यावरच.

बिनधास्त
पूर्वी सीडी टाकायची, नेक्स्ट नेक्स्ट करायचं, झालं. तुम्ही लोकांनी लिनक्स म्हणजे पत्रिका जुळवणं करून ठेवलंय.

रातकिडा
पूर्वी? पूर्वी मॉडेमसाठी रात्री जागवल्यात साहेब. आता निदान पत्रिका जुळवायला पत्रिका तरी मिळते.

टकटक
आलो. आयडी रातकिडांना व्यनि (खाजगी निरोप) केलाय (कंपनीचं नाव उघड होतं म्हणून). कॅमेऱ्याच्या आयडीत यूएसबी नाहीच. 😟 झोप: फक्त एस०. डिस्क: एएचसीआय. बिटलॉकर चालू होता, की दोन कागदांवर उतरवली.

ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच आहे, वेगळं कार्ड नाही.

मग धीर करून जुन्या पेनड्राइव्हवरचं उबुंटू २४.०४ लावलं, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय. बूट झालं, टचपॅड चालला, आवाज आला. वायफायचं नाव नाही. परत करू का?

फडताळ
थांबा थांबा. पेनड्राइव्ह जुना म्हणजे किती जुना? एप्रिल २०२४ ला निघालेली पहिली आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची फाइल) असेल तर तिच्यात कर्नल ६.८ आहे. ऑगस्ट २०२५ च्या २४.०४.३ मध्ये ६.१४ आहे. नाव दोन्हींचं "चोवीस शून्य चार" च. लोक इथेच फसतात. एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) म्हणजे आतलं सगळं जुनंच राहतं असं नाही, दर काही महिन्यांनी नव्या हार्डवेअरसाठी नवा कर्नल मिळतो. पण तुमच्या पेनड्राइव्हला ते कोण सांगणार?

रातकिडा
फडताळ यांनी नेमकं बोट ठेवलं. टकटक, तुमचा आयडी बघितला. चिप नवीन आहे, ६.८ ला ती ओळखू येणार नाही. २४.०४.३ ची किंवा फेडोराची ताजी आयएसओ उतरवा आणि पुन्हा लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवा.

या वेळी नुसतं "चाललं, नाही चाललं" नको. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय, जागा, डॅश एनएनके असं द्या. प्रत्येक भागाखाली त्याचा आयडी येतो आणि "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ येते. ती ओळच नसेल तर त्या भागाला वाली नाही. ओळ आहे, तरी भाग चालत नाही, तर डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) वाचा. तिथे फर्मवेअर सापडलं नाही अशी तक्रार असू शकते. ही दोन वेगळी दुखणी आहेत. ड्रायव्हर नसेल तर कर्नल नवा लागतो. फर्मवेअर म्हणजे चिपमध्ये भरायची फाइल, ती लिनक्स-फर्मवेअर नावाच्या पॅकेजात येते, नुसतं ते पॅकेज ताजं केलं तरी भागतं. पूर्वी डेबियनच्या अधिकृत आयएसओत असल्या फाइली नसायच्या, त्यामुळे नवशिक्यांचा हमखास घात व्हायचा. २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या सोबत येतात.

(कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं. मागे एकाने खरंच तसंच टाइप करून "कमांड सापडत नाही" म्हणून मला झापलं होतं.)

सोनचाफा
मध्येच घुसते. माझ्या भावाला एनव्हिडियाचं कार्ड असलेला लॅपटॉप घ्यायचाय. लिनक्ससाठी नको म्हणू का?

फडताळ
नको म्हणायची गरज नाही, पण कार्ड लागतं कशाला ते विचारा. खेळ किंवा मशीन लर्निंग असेल तर घ्या. नुसतं ब्राउझर आणि ऑफिस असेल तर उगाच डोकेदुखी. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. लाइव्ह पेनड्राइव्हवर सहसा नूवो हा पर्यायी ड्रायव्हर चालतो, म्हणून लाइव्हमध्ये कार्ड मंद वाटलं तरी निकाल देऊ नका. स्क्रीन काळी राहिली तर बूटच्या ओळीत नोमोडसेट जोडून बघा.

अजून एक, बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. बाहेरचा मॉनिटर लावणार असेल तर ते नक्की तपासायला सांगा.

अवांतर: २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. दोन्हींचा संबंध जोडायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

कोरीपाटी
स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप दिसतायत हल्ली, बॅटरी भरपूर टिकते म्हणतात. त्यावर?

रातकिडा
ती जातच वेगळी. एआरएम प्रोसेसर, नेहमीची एएमडी६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीची) आयएसओ बूटच होणार नाही. शिवाय तिथे प्रत्येक मॉडेलचं वर्णन करणारी डिव्हाइस ट्री फाइल कर्नलला आधी हाती द्यावी लागते. काम चालू आहे, पण रोजच्या वापराला आत्ता घेऊ नका. ॲपलच्या एम१, एम२ ला "असाही लिनक्स" नावाच्या प्रकल्पवाल्यांनी बरंच पुढे नेलंय, तरी "लिनक्ससाठी लॅपटॉप घ्यायचाय" या वाक्याचं उत्तर ते नव्हे.

टकटक
झालं! २४.०४.३ लावली, वायफाय आपोआप जोडलं गेलं. एलएसपीसीआयमध्ये ड्रायव्हरची ओळ आहे. काल याच लॅपटॉपला परत पाठवायचं खोकं शोधत होतो.

फेडोराही चालवून बघितली, तिथेही वायफाय ठीक. ब्लूटूथ ठीक. कॅमेरा दोन्हीकडे नाही. बोटाचा ठसाही नाही.

रातकिडा
ठशासाठी लिबएफप्रिंटच्या (लिनक्समध्ये बोटाचे ठसे वाचणारं सॉफ्टवेअर) यादीत तुमचा यूएसबी आयडी शोधा. नसेल तर विषय सोडा, पासवर्ड टाइप केल्याने कुणी मेलं नाही.

आता लाइव्हमध्ये अजून तासभर बसा. लोक वायफाय जोडलं की उठतात. झाकण मिटा, दहा मिनिटांनी उघडा, वायफाय आणि आवाज दोन्ही परत आले का बघा. एकदा नाही, चार-पाचदा. स्पीकरवर गाणं लावा आणि विंडोजशी ताडून बघा. काही मॉडेलमध्ये स्पीकरला वेगळे ॲम्प्लिफायर असतात, ते जागे झाले नाहीत तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, आणि माणसाला वाटतं स्पीकरच हलका आहे. मायक्रोफोनवर बोलून रेकॉर्ड करा. प्रकाश कमी-जास्त करायची बटणं. दोन्ही सी पोर्ट, एकाला मॉनिटर, एकाला चार्जर, मग अदलाबदल.

आणि रात्रभराची झोप. हीच खरी परीक्षा.

मोहर
लाइव्हमध्ये झोपवताना पेनड्राइव्ह काढू नका. आणि काही पेनड्राइव्ह जागं होताना तुटल्यासारखे होतात, तेव्हा एकदा बिघडलं म्हणून लॅपटॉपला दोष देऊ नका. दुसऱ्या पेनड्राइव्हवर पुन्हा करा.

टकटक
दोन रात्रींचा हिशेब. पहिली रात्र: झोपवताना बॅटरी ९२ टक्के, सकाळी ७१. काळजात धस्स. फाइल बघितली, सिस फोल्डरातल्या पॉवरमध्ये मेम_स्लीप, तिच्यात फक्त एस२आयडल (डुलक्यांची झोप), डीप (जुनी एस३) नाहीच. मग लक्षात आलं की यूएसबीचा वायरलेस माउस लावलेलाच राहिला होता. दुसऱ्या रात्री माउस काढून झोपवला: ९० वरून ८५. विंडोजमध्ये एक रात्र काढली, तिथे ९१ वरून ८७. म्हणजे उन्नीस-बीस.

झाकण आठ वेळा मिटलं-उघडलं. सातदा सगळं परत आलं, एकदा ब्लूटूथ रुसलं, बंद-चालू केल्यावर आलं.

बिनधास्त
म्हणजे शेवटी काय, पेनड्राइव्ह लावा नि टाका. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. 😁

फडताळ
तुमचं ऐकलं असतं तर पहिल्या आयएसओवर टाकून वायफायशिवाय बसले असते. आणि वायफाय नाही म्हणून नवा कर्नल उतरवताही आला नसता.

बिनधास्त
फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं असतं की.

फडताळ
हे मात्र मान्य. टकटक, लिहून ठेवा, आणीबाणीत अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग बहुधा ड्रायव्हरची कटकट न होता चालतं.

टकटक
ठेवायचं ठरवलंय. कॅमेऱ्याची सल आहे, पण मीटिंगा आठवड्यातून दोनच असतात, साधा यूएसबी कॅमेरा लावीन. कॅमेरा रोज लागत असता तर परत केला असता, खरं सांगतो.

एचडब्ल्यू-प्रोब (हार्डवेअरची यादी काढणारं साधन) चालवून लिनक्स-हार्डवेअर डॉट ऑर्गवर अहवाल चढवलाय. कॅमेऱ्यापुढे "चालत नाही" आणि कर्नल ६.१४ अशी टीप टाकलीये.

एकच शेवटचं विचारतो. विंडोज पूर्ण उडवू की थोडी जागा ठेवू?

रातकिडा
एफडब्ल्यूयूपीडी (लिनक्समधून बायोस अपडेट करणारं साधन) टाकून बघा, तुमच्या मॉडेलचे बायोस अपडेट एलव्हीएफएसवर (त्या अपडेटचं ऑनलाइन कोठार) येतात का. येत असतील तर उडवा खुशाल. येत नसतील तर काही महिने विंडोजला ऐंशीएक जीबीत कोपऱ्यात बसवून ठेवा. नव्या मॉडेलचे पहिल्या वर्षातले बायोस अपडेट महत्त्वाचे असतात, आणि झोपेची दुखणी पुष्कळदा त्यांनीच बरी होतात. विभाजन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा आणि त्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून ते विभाजन उघडताना अडेल.

टकटक
एलव्हीएफएसवर आहे! कालच एक अपडेट आलेलं दिसतंय. तरी ऐंशी जीबी ठेवतोच, कॅमेरा सुधारतोय का ते ताडायला तेवढा एक विटनेस असू दे.